नेमावरला बर्फ पडतो

सरांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर धारमधली निम्मी घरं त्यांची नातलग निघतील, आणि उरलेली निम्मी आपल्याला का वगळलं म्हणून रुसून बसतील. देवासच्या आमच्या कॉलेजात त्यांना नुसतं 'सर' म्हणत. बाकीच्यांना सर म्हणायचं तर आधी आडनाव लावावं लागे, ह्यांना लागत नसे.

माणूस मूळचा धारचा. पणजोबा की खापरपणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगत. नोकरीपुरते देवासला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. दर शनिवारी रिकामे डबे पिशवीत घालून इंदूरला बस बदलत धारला जायचे आणि सोमवारी भरलेले डबे घेऊन यायचे. देवासविषयी त्यांचं मत कायमचं ठरलेलं होतं. "ह्या गावाला दोन गाद्या होत्या बाईसाहेब, थोरली आणि धाकटी. एवढ्याशा गावात दोन राजे. म्हणून इथल्या स्टाफ मीटिंगमध्ये आजतागायत एकमत होत नाही. आमच्या धारला एकच गादी." धारच्या स्टाफ मीटिंगमध्ये एकमत होतं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

'बाईसाहेब' म्हणजे मी. आधी नव्वदच्या दशकात त्यांची बी.एड.ची विद्यार्थिनी, आणि पुढे काही वर्षांनी त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली अतिथी विद्वान. हे आमच्या सरकारनं तासिकेवर शिकवणाऱ्यांना दिलेलं नाव आहे. नाव ऐकून माहेरचे लोक फार खूश झाले. पगार ऐकल्यावर गप्प झाले. माझे वडील जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलेले, त्यामुळे घरची मराठी खानदेशी, शाळेतली हिंदी आणि गल्लीतली माळवी, अशा तिन्ही माझ्या एकेका वाक्यात गुण्यागोविंदानं नांदत. सरांची मराठी म्हणजे "यावं, बसावं, पाणी घ्यावं". आई म्हणजे आईसाहेब, थोरला भाऊ म्हणजे दादासाहेब. एकदा मी म्हटलं, "सर, मी केव्हाची इंतजार करून राहिली, आप होते कुठे?" सरांनी डोळे मिटले. म्हणाले, "हे एकदा पूर्ण मराठीत सांगा, मग पूर्ण हिंदीत सांगा. दोन्हींपैकी कुठलं तुमचं, ते मी ठरवतो."

दिवाळी ते होळी अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, मग ऊन कितीही तापो. स्वेटरला दोन्ही बाजूंनी खडूचे पांढरे पट्टे, कारण कॉलेजच्या खडूवर त्यांचा विश्वास नव्हता आणि स्वतःचे खडू ते खिशात ठेवत. विद्यार्थ्यांचे पेपर मात्र उभं राहून वाचायचे. व्हरांड्यात, खांबाला टेकून नाही, सरळ उभं राहून. मी एकदा खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "कुणीतरी आपल्याशी बोलतंय. बसून कसं ऐकायचं?"

ते बोलणं बहुतेक वेळा कुंजीतलं असायचं, ही गोष्ट वेगळी. कुंजी म्हणजे गाईड. परीक्षेच्या आधी बाजारात ढीग लागायचे आणि आम्ही सगळे त्याच ढिगातून शहाणे व्हायचो. घरून लिहून आणायच्या उत्तरांत तर कुंजी जशीच्या तशी उतरायची. बाकीचे प्राध्यापक दोन तऱ्हांचे होते. एक ओरडणारे, दुसरे न वाचता सही करणारे. सर तिसऱ्या तऱ्हेचे एकटेच. ते कधी कुणाला 'तू उतरवलंस' असं म्हणाले नाहीत. त्यांची तऱ्हा अशी की जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा. पूर्ण, अक्षरन् अक्षर. "आपण लिहिलंय म्हणजे खरंच असणार," एवढं म्हणायचे आणि मग जे व्हायचं त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आमच्या वर्गातल्या एका मुलानं उत्तरात लिहिलं होतं, 'जैसा कि हम पिछले अध्याय में देख चुके हैं'. सरांनी त्याला बोलावून अत्यंत अदबीनं विचारलं, "भिया, पिछला अध्याय घर रह गया क्या?" तो म्हणाला, हो सर. आता दुसरं काय म्हणणार? "कल ले आना." बिचाऱ्यानं रात्रभर जागून मागचा अध्याय लिहून आणला. त्याची सुरुवातच 'जैसा कि हम पिछले अध्याय में' अशी झाली. तिसऱ्या अध्यायानंतर तो रडकुंडीला आला आणि चौथा त्यानं स्वतःच्या मनानं लिहिला. त्याला सर्वात जास्त मार्क त्या चौथ्याला मिळाले.

पण खरी मजा झाली ती माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची. बावीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी पोरगी. तिच्या उत्तरात कुंजीवाल्याचं एक वाक्य तसंच येऊन बसलं होतं: 'मेरे तीस वर्षों के अध्यापन अनुभव में'. दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सर उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं, प्राचार्य आले. सरांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "मॅडम, आप विराजिए. तीस वर्ष! हमारे तो अभी बीस नहीं हुए." ती लाजेनं लाल. आम्ही हसून हसून खाली पडायचे राहिलो. पण सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशीही. शिकवता शिकवता मध्येच थांबायचे, "मॅडम, इस पर आपका अनुभव क्या कहता है?" ती आधी खाली मान घालून बसायची. मग वैतागून काहीतरी उत्तर द्यायला लागली. होळीच्या सुमारास तर चक्क भांडायला लागली, "नहीं सर, बच्चे ऐसे नहीं सीखते, मेरे छोटे भाई को देखिए." सर खूश. वही बंद करून तिच्या भावाविषयी तासभर ऐकत बसले. शेवटी तीच म्हणाली, "सर, अब तो बैठ जाइए. वो मैंने नहीं लिखा था, कुंजी ने लिखा था." सर बसले. म्हणाले, "कोई बात नहीं. कुंजी की जगह आप ही आया करो."

ही तऱ्हा मला तेव्हा फार आवडायची. माणसाला न दुखवता त्याची फजिती करायची म्हणजे सोपं काम नाही.

दोन हजार साल उलटलं आणि कॉलेजात ऑनलाइन कोर्स आला. एका लांबच्या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आमच्याकडे उघडलं. खेड्यापाड्यांतल्या कंत्राटी मास्तर-मास्तरणींसाठी शिक्षणाची पदविका. उत्तरं ई-मेलनं पाठवायची, मुख्यालय ती तपासायला केंद्राकडे पाठवणार आणि आम्ही मार्क लावणार. केंद्राचे प्रमुख सर, मदतनीस मी. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल काढून जावं लागे आणि मशीनवर फुलाफुलांचं झाकण असे. सर तिथं शिरताना नकळत हात जोडायचे. पडद्यावर ते एक ओळ वाचत नसत. सगळ्याची छपाई करून घ्यायचे आणि व्हरांड्यात उभे राहायचे. ई-मेल मात्र मला सांगून लिहवायचे. सर्वात वर 'श्री', मग 'कृतानेक नमस्कार', आणि शेवटी 'लोभ असावा'. मुख्यालयातल्या संगणक विभागाला पासवर्ड चालत नाही अशी तक्रार करतानासुद्धा लोभ असावा.

पहिल्याच तुकडीची पहिली उत्तरं आली. प्रश्न होता, आपल्या शाळेतल्या मुलांच्या गैरहजेरीची कारणं आणि त्यावर आपण केलेले उपाय. उत्तरं आली ती सगळी इंग्रजीत, आणि सगळी एकच. पाठोपाठ मुख्यालयाचं पत्र: आमच्या कॉम्प्युटरला हे उत्तर परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजच्या पानावर सापडलं आहे, सबब आपल्या केंद्राची पूर्ण तुकडी बाद करण्यात येत आहे, पुन्हा पैसे भरून पुढच्या वर्षी बसता येईल.

सरांनी पत्राची घडी केली आणि येत्या रविवारी सगळ्यांना बोलावलं. मी मनात म्हटलं, आता बघा.

रविवारी सर वर्गात उभे राहिले आणि उत्तराचं हिंदी करून वाचू लागले. 'हमारे यहाँ सर्दियों में भारी हिमपात के कारण स्कूल की बसें बंद रहती हैं और बच्चे अनुपस्थित रहते हैं.'  आपण काय पाठवलंय हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. सरांनी सतवासच्या एका धिप्पाड मास्तरांना उभं केलं.

"भिया, आपने लिखा है तो सच ही होगा. सतवास में बर्फ़ गिरती है?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हाँ सर. कभी-कभी."

"कितनी?"

"थोड़ी-सी."

"इस बार गिरे तो फोन करना. हम देवासवालों ने देखी नहीं."

दुसरे उठले ते नालछ्याचे, म्हणजे धार जिल्ह्यातले, बायकोच्या नोकरीपायी देवासला नाव घातलेले. म्हणाले, "सर, हमारे यहाँ मांडू पास में है, तो ठंडक रहती है." सर मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मग मला मराठीत म्हणाले, "बाईसाहेब, आमच्या धार जिल्ह्यात बर्फ पडतो आणि दादासाहेबांनी मला कळवलं नाही!"

मी तोंडावर पदर धरला. एकेक जण उठत होता आणि आपापल्या गावी बर्फ पाडत होता. कुणी ओटाभर, कुणी गुडघाभर. मग खिडकीजवळच्या एक बाई उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, नेमावरच्या प्राथमिक शाळेतल्या. पहाटेच्या बसनं निघून आलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. आमच्या मराठीतल्या शेऱ्यावर त्या एकट्याच हसल्या होत्या; घरची भाषा त्यांचीही मराठीच.

"नेमावरला बर्फ पडतो?" सरांनी मराठीतच विचारलं.

"कोण म्हणतं?"

"आपण म्हणता. आपल्या उत्तरात लिहिलंय."

"मी?" बाईंचा आवाज चढला. "मी तर असं काही लिहिलंच नाही! आमच्या नर्मदेवर बर्फ? सर, मजाक करून राहिले का तुम्ही?"

सरांच्या हातातला कागद खाली आला. इतक्या वर्षांत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी जे सांगितलं ते असं. कॉम्प्युटर त्यांनी कधी हातात धरलेला नाही. कोर्स ऑनलाइन आहे हे फॉर्म भरल्यावर कळलं. उत्तर त्यांनी हातानं लिहिलं, आठ-दहा पानं, आणि सतवासच्या टायपिंग-इंटरनेटवाल्याकडे देऊन आल्या. तो म्हणाला, चला गया मैडम. बस्स. पुढच्या वर्षी बसायला त्यांची ना नव्हती, पण त्यांची कंत्राटी नोकरी ह्याच वर्षी पक्की व्हायची होती आणि त्यासाठी पदविका ह्याच वर्षी हातात हवी होती. नाही तर त्यांच्या जागी दुसरं कुणी येणार. नवरा आजारी, घरात पगार तो हाच. हे सगळं त्यांनी रडत नाही, रागानं सांगितलं.

"मग काय लिहिलं होतं तुम्ही?" मी विचारलं.

बाई ताठ उभ्या राहिल्या आणि हिंदीत सुरू झाल्या: "छात्रों की अनुपस्थिति के प्रमुख कारण निम्नलिखित हैं. प्रथम, अभिभावकों में जागरूकता का अभाव..."  ही तर सरळसरळ कुंजी. बाई गेल्यावर मी सरांना तसं म्हणाले.

सर खडू चाचपत होते. "हिंदीत बाई कुंजी बोलतात, बरोबर. आपण सगळेच बोलतो, शाळेत तेच शिकलो. पण मराठीत त्या भांडल्या. भांडताना माणूस कुणाचं उतरवून भांडत नाही."

आम्ही दोघं बसनं सतवासला गेलो. टायपिंगवाले बापडे चांगले चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी स्टूल दिले, चहा मागवला आणि ठणकावून सांगितलं, "जो दिया वही टाइप किया." बाईंची पानं? "काग़ज़ कौन रखता है साहब." सर म्हणाले, ठीक आहे. निघताना मात्र टायपिंगवाल्यांना राहवलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम का लिखा आप देखतीं तो! मछली, जाल, कीचड़... ऐसा कोई यूनिवर्सिटी को भेजता है क्या? मेरे पास तैयार माल था, अंग्रेज़ी का, बाकी सब वही ले गए. नंबर ज़्यादा मिलते. मैंने तो भले के लिए..." आणि एकदम जीभ चावली. हे लिहून द्याल का, असं विचारल्यावर हात जोडले. "लिखा-पढ़ी मत करवाओ, बहनजी. दुकान है मेरी."

म्हणजे खरं काय ते आम्हाला कळलं आणि दाखवायला हातात काही नाही. परतीच्या बसमध्ये मला भयंकर चीड आली होती. सर मुख्यालयाचं परिपत्रक वाचत होते. बसमध्येसुद्धा उभं राहून, दांडा धरून.

ते परिपत्रक 'शैक्षणिक नक्कल' ह्या विषयावरचं होतं, आणि ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. पाठवणाऱ्यानंही वाचलं नसावं. कारण ते परदेशातल्या कुठल्यातरी विद्यापीठाचं उचलून हिंदीत केलेलं होतं, हे दुसऱ्याच पानावर कळत होतं. आरोप असलेल्या विद्यार्थ्याची सुनावणी त्याच्याच केंद्रावर होईल. विद्यार्थ्याला आपल्या मातृभाषेत बोलण्याचा हक्क राहील, दुभाषी दिला जाईल. अल्पोपाहाराची व्यवस्था असेल. विद्यार्थ्याची इच्छा असल्यास परिसराचे पुरोहित उपस्थित राहतील. आमच्या परिसरात पुरोहित काय, पिण्याचं पाणीही नव्हतं.

"सर, हे सगळं चोरलेलं आहे," मी म्हटलं.

"असं कसं म्हणता?" सर म्हणाले. "मुख्यालयानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार." आणि कन्नोदपर्यंत ते स्वतःशी हसत होते.

दुसऱ्या दिवशी ई-मेल गेला. श्री. कृतानेक नमस्कार. आपल्या परिपत्रकानुसार सुनावणीची तयारी पूर्ण झाली आहे, आपण यावं. लोभ असावा.

आणि मुख्यालयातून खरोखर एक साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. वर्गात टेबलावर पांढरी चादर, त्यावर पोहे-जलेबी, एका बाजूला नेमावरच्या बाई, दुसऱ्या बाजूला टेकडीखालच्या देवळातले पुजारीबुवा, उपरणं सावरून बसलेले.

"ये कौन हैं?" साहेबांनी विचारलं.

"परिसर के पुरोहित," सर म्हणाले आणि परिपत्रक पुढे केलं. "आपके ही हस्ताक्षर हैं."

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. कान हळूहळू लाल होत गेले. मग मुकाट्यानं बसले आणि पोह्यांची बशी ओढली. पुजारीबुवांनी त्यांना शेव वाढली.

बाई मराठीत बोलणार होत्या आणि सर त्याचं हिंदी करणार होते. साहेब लांबचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. बाई आधी अडखळल्या. तुटकी मराठी, मध्ये मध्ये हिंदी. मग एकदा सुरू झाल्या त्या झाल्या.

"आमच्याकडे अर्धी पोरं ढीमरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची. पहाटे जाळं निघतं. ते निघालं की पोरं मासे वेगळे करायला बसतात, मोठे इकडे, बारके तिकडे. ते सोडून शाळेत कशी येतील? रजिस्टरवर रोज गैरहजर. नंतर येतात, पण हजेरी होऊन गेलेली असते. मग ती म्हणतात, हजेरी तर लागली नाही, आता कशाला बसायचं? परत घाटावर. तर मी काय केलं, हजेरीच मधल्या सुट्टीनंतर घ्यायला लागले."

सर हिंदी करत होते. छान, स्वच्छ, थोडं दरबारी. साहेब लिहून घेत होते.

"आणि अमावस्येला तर सगळीच गायब. घाटावर जत्रा भरते ना, पोरं नारळ विकतात, दिवे विकतात. पहिल्या वर्षी मी काठी घेऊन शोधायला गेले. बघते तर माझा सगळा वर्ग तिथंच. ज्याला शाळेत पाच नि सात येत नाही तो तिथं नारळाचा हिशोब तोंडानं करून राहिला. मग मी तिथंच पायरीवर बसले. तेव्हापासून अमावस्येची शाळा घाटावर. गणित नारळावर, वाचन दुकानांच्या पाट्यांवर." बाई क्षणभर थांबल्या, आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "शाळेला त्या दिवशी कुलूप असतं. रजिस्टरवर मी शाळा चालू दाखवते. परवानगी नाही घेतली कुणाची. मागितली असती तर मिळाली नसती."

सर थांबले.

मला कळलं ते का थांबले. मराठी कळणारी त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. शाळेला कुलूप आणि रजिस्टरवर शाळा चालू, हे वाक्य सरकारी माणसापुढे म्हणजे नक्कल सुटली तरी नोकरी गेली. गाळलं असतं तर साहेबांना पत्ता लागला नसता. मी सरांकडे बघून अगदी बारीक मान हलवली, की सोडून द्या. सरांचा हात स्वेटरच्या खिशात गेला, तिथला खडू मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाई सरांकडे बघत होत्या. बाईंना हिंदी आमच्या सगळ्यांइतकीच येत होती.

"आगे?" साहेबांनी विचारलं.

सरांनी घसा खाकरला आणि ते वाक्य सांगितलं. कुलूप, रजिस्टर, परवानगी, सगळं. ह्या वेळी दरबारी नाही, बाईंच्याच साधेपणानं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.  पुजारीबुवांनी जलेबी पुढे केली तीही नको म्हणाले. मग बाईंकडे वळले. "मैडम, ये वाली बात भी उत्तर में लिखी थी?"

"जी. आखिरी पन्ने पर."

"क्यों लिखी?"

"पूछा था ना, क्या उपाय किए. यही किया था."

साहेब हसले, पहिल्यांदाच. सरांना म्हणाले, "नकल करनेवाला अपनी शिकायत खुद लिखकर नहीं भेजता." मग बाईंना म्हणाले, आत्ता इथं बसून पुन्हा लिहा, मी सोबत घेऊन जातो आणि हेच उत्तर धरायला लावतो. ताले की बात मेरे विभाग की नहीं है, असं म्हणून त्यांनी आपल्या वहीतली एक ओळ खोडली. बाई लिहायला बसल्या. अक्षर मोठं, गोल. दुपार होईपर्यंत लिहीत होत्या, आणि तोवर पुजारीबुवा व साहेब मिळून सगळी जलेबी संपवून बसले. पानं हातात घेत साहेब म्हणाले, "मैं टाइप करवा लूँगा."

बाई जागेवरून उठल्याच. "नहीं सर! टाइप मत करवाइए. हाथ का ही ले जाइए."

उत्तर तसंच गेलं, हातानं लिहिलेलं, आणि मुख्यालयात धरलंही गेलं. त्या वर्षी बाईंची पदविका झाली आणि नोकरी पक्की झाली, हे आम्हाला पुढे कळलं. बर्फवाल्या बाकीच्या मंडळींनी पुढच्या वर्षी आपापली उत्तरं आपापल्या हातानं लिहिली. पण त्या दुपारी हे काही ठरलेलं नव्हतं. साहेबांची जीप गेली आणि आम्ही बाईंना बसवर सोडायला स्टँडवर गेलो. मी फार खुशीत होते, सारखी बडबडत होते. सर खिशातल्या मोडक्या खडूचे तुकडे चाचपत होते. 

बस लागली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही मध्येच थांबलात ना, तेव्हा माझा जीव गेला होता. म्हटलं, हे पण माझं बदलून राहिले."

सरांनी खिडकीची दांडी धरली. काहीतरी मिश्कील बोलतील म्हणून मी वाट पाहिली.

"बदलणारच होतो, बाई," ते म्हणाले. "दुसरं वाक्य तयार होतं तोंडात. तुमच्या भल्याचं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. "मग?"

"मग तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बस हलली. सर तसेच उभे होते, दांडी सुटलेला हात वर धरून, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.